गार राहील तोवर

आमच्याकडे भांडण मिटलं की दगड पुरतात, आणि दगड पुरला की तोंड बंद. मग त्या गोष्टीचा शब्द काढायचा नाही, चुलीपाशी नाही, चर्चात नाही, दारू चढल्यावरही नाही. माझं तोंड बंद करायला एक सबंध लढाई आणि वर एक दगड लागला, असं माझी मुलगी मार्सेलिना म्हणते. म्हणू दे. तिचं तोंड बंद करायला अख्खा डोंगर पुरला तरी भागायचं नाही.

मी पर्पेतुआ. नदीपासून वरच्या कोकोच्या बागेपर्यंतची ही दरी माझ्या कुळाची, म्हणजे माझी, कारण आमच्या या बोगनविल बेटावर जमीन आईकडून मुलीकडे जाते. बाप्ये तिच्यावर नुसती भाषणं करतात. लढाईत माझा मुलगा गेला, आलोयस. किनाऱ्यावरून मीठ आणि मलेरियाच्या गोळ्या घेऊन येत होता. वाटेतल्या नाक्यावर बंडातल्या पोरांनी अडवला, सैन्याचा हेर ठरवला. पलीकडच्या पाड्यावरचा फाबियन त्यांचा म्होरक्या होता. त्याने वर धरलेला हात खाली केला आणि पोरांनी गोळ्या झाडल्या. एवढंच केलं त्याने. हे मी आज बोलतेय, कारण आता झाकून ठेवायला काही उरलं नाही. तेव्हा बोलायची सोय नव्हती.

लढाई संपल्यावर फाबियन डुकरं घेऊन आला, आलोयसची हाडं स्वच्छ कापडात बांधून आला, आणि माझ्या दारात खाली मान घालून बसला. माझा धाकटा भाऊ सेवरीन आणि तो, दोघांनी मिळून नदीतून दगड वाहून आणला. सोललेल्या नारळाहून मोठा, काळा कुळकुळीत, आणि मधून एक पांढरी रेघ, भांग पाडल्यासारखी. दोन पाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत खड्डा खणला. भाले मोडले. दोघांनी एकाच भोपळ्यातला चुना घेऊन सुपारी चावली. ती आता दगडावर थुंकायची होती. थुंकलं की वैर संपलं. मग माती लोटली आणि वर लाल पानांचं झुडूप लावलं. आमच्या गावसभेचे अध्यक्ष, म्हातारे बेनेडिक, झुडपावर हात ठेवून म्हणाले, "हा गार राहील तोवर वैर गार राहील. कोणाला तोंड उघडायचंच असेल, तर त्याने आधी नुसत्या हातांनी हा वर काढावा. मग त्याच्या घरातल्या सगळ्यात धाकट्यावर जे येईल ते त्याचं त्याने बघावं."

फाबियन थुंकला. सेवरीनने सुपारीचं लाल पाणी गिळून टाकलं. ते फक्त मी पाहिलं. आमच्याकडे मामा म्हणजे बापाच्या वर. आलोयस त्याचा वारस होता, त्याच्या खांद्यावर वाढलेला. घशात हुंदका आला असेल, म्हणून गिळलं असेल, असं मला वाटलं. किती समजूतदार माझा भाऊ, असंसुद्धा वाटलं.

बंदुकांचंही तसंच केलं. दोन्ही पाड्यांच्या सगळ्या बंदुका बोटीवरून उतरवलेल्या एका लोखंडी कंटेनरमध्ये भरल्या आणि त्याला दोन कुलुपं घातली. एक किल्ली अध्यक्षाकडे, दुसरी बायकांकडे, म्हणजे माझ्या गळ्यात, क्रुसाच्या शेजारी. हेतू हा, की एका घराला तो उघडता येऊ नये.

बरीच वर्षं बरी गेली. लोकांनी कोको लावला, शाळेवर पत्रे चढले, पोरीबाळी न घाबरता नदीवर जायला लागल्या. मग बेनेडिक थकले, आणि वरून हुकूम आला की आता अध्यक्ष नुसता हां-हां करून ठरवायचा नाही, चिठ्ठी टाकून निवडायचा. दोघं उभे राहिले. एक फाबियन. दुसरा माझा सेवरीन.

मार्सेलिना तेव्हा पोटुशी होती आणि तरीही तक्ते घेऊन पाड्यापाड्यांवर लोकशाही शिकवत हिंडायची. पोट पुढे, तक्ता त्याच्याही पुढे. त्या संध्याकाळी ती, सेवरीन आणि मी चुलीपाशी बसलो होतो. मागच्या भूकंपात माझ्या चुलीचा एक दगड दुभंगला होता, तो सेवरीनने बदलून दिला होता, पण मेला असा काही बसवला होता की सगळी भांडी एका अंगाला कलायची. मी रताळ्यांचं पातेलं धरून बसले होते.

"आई, उमेदवाराला लोकांनी काहीही विचारावं, असं माझ्या तक्त्यावरच लिहिलंय," मार्सेलिना म्हणाली.

"तक्त्याचं काय जातं? तक्त्याला पोरंबाळं नसतात."

"दगड पुरलाय, पोरी. विषय संपला," सेवरीन म्हणाला.

"मामा, जे सगळ्यांना ठाऊक आहे ते कोणी बोलायचं नाही, आणि मग म्हणे निवडा. ही निवड कसली? ही तर आंधळी कोशिंबीर. ज्याने त्या नाक्यावर हात—"

सेवरीनने चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. हळूच ठेवला, पण बराच वेळ काढला नाही. "तुझ्या पोटात कोण आहे ते विसरू नकोस," तो म्हणाला. "या घरातलं सगळ्यात धाकटं तेच आहे."

"मामा, तू स्वतः त्याच्याविरुद्ध उभा आहेस. लोकांना कळलं तर फायदा तुझाच."

"मला तसला फायदा नको."

मला दोघांचंही पटत होतं, हीच तर पंचाईत. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, असं म्हणतात. माझं तर तरणं पोर गेलं होतं. दुःखही होतं आणि वर काळही सोकावत होता, माझ्याच जमिनीवर मतं मागत फिरत होता. आणि मी काय करायचं, तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा. पण माझं तोंड कोणी दाबलं होतं? मीच. त्या खड्ड्यावर मीही माती टाकली होती. शब्द दिला होता. दिलेला शब्द आपल्याला काचायला लागला म्हणून मोडायचा, तर मग तो शब्द कसला? आणि तो पाळल्याने उद्या चार पोरं मरणार असतील, तर तो पाळणारी मी कोण मोठी साध्वी? फादरना विचारलं तर ते म्हणाले, प्रार्थना कर. मी केली. देवानेही दगड पुरला असावा, कारण तो काही बोलला नाही.

मग फाबियन आला.

दिवसाढवळ्या, एकटा, हातात सुपारीचा घोस घेऊन. केस पिकलेले, पाय थोडा ओढत चालायचा. माझ्या घराच्या पायरीवर बसला, वर चढला नाही. मीही चढ म्हटलं नाही.

"मावशी, मी उभा राहिलोय हे तुम्हाला लागलं असेल."

"मला काय लागायचं? या वयात दुखतात ते गुडघे तेवढे."

तो हसला नाही. खाली बघत म्हणाला, "त्या कंटेनरला गंज चढलाय. मागच्या बाजूने पत्रा फुगलाय. मी निवडून आलो तर तो उघडावा म्हणतो. तुमची किल्ली लागेल."

माझ्या छातीवरची किल्ली एकदम गार लागली. उघडावा म्हणतो. इतकं साधं बोलला तो, गवत कापावं म्हणतो तसं. "कशाला उघडायचा?" मी विचारलं.

"ते सभेत सांगेन. सगळ्यांसमोर सांगायचं आहे."

तेवढ्यात पातेलं कललं आणि पाणी निखाऱ्यांवर सांडलं. घरभर धूर झाला. फाबियनने मान वळवून चुलीकडे पाहिलं. "तुमची चूल कलली आहे, मावशी. तो दगड बदला," असं म्हणाला आणि सुपारी पायरीवर ठेवून निघून गेला. मी त्या सुपारीला हात लावला नाही. शेजारणीचं डुक्कर येऊन हुंगून गेलं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. डोळे मिटले की कंटेनरचं दार करकरायचं. बाजारात लोक माझ्याकडे बघायचे आणि मग दुसरीकडे बघायचे. पलीकडच्या पाड्यावरच्या बायका पूर्वी नदीवर माझ्याशी थट्टा करायच्या, त्या आता धुणं आवरून लवकर जायला लागल्या. आमच्या पाड्यावरची पोरं सेवरीनच्या अंगणात बसायची, आणि मी गेले की बोलणं थांबायचं. निवडणुकीचं तापलंय, असं मी मनाला समजावलं. फाबियनला किल्ली द्यायची नाही एवढं ठरवलं होतं. पण अध्यक्ष झाल्यावर तो मागणार, आणि नाही म्हणायला मला कारण द्यावं लागणार, आणि कारण तर जमिनीखाली पुरलेलं.

शेवटी रविवारी मी मार्सेलिनाला म्हटलं, माझे गुडघे दुखतायत, तू पुढे हो. सगळा गाव मिसेच्या प्रार्थनेला गेला. चर्चातून गाणं ऐकू येत होतं. मी त्या मोकळ्या जागेत गेले, लाल पानांच्या झुडपापाशी गुडघे टेकले, आणि नुसत्या हातांनी उकरायला लागले. मार्सेलिनाच्या पोटातल्या जिवाची मनातल्या मनात माफी मागितली. त्याचं नावसुद्धा अजून ठरलं नव्हतं आणि त्याची आजी त्याला पणाला लावत होती. रडत रडत उकरत होते मी. शब्द मोडायचा तर चोरून नाही, रीतीप्रमाणे मोडायचा. दगड काढायचा, सभेत घेऊन जायचा, सगळ्यांसमोर ठेवायचा आणि मग बोलायचं.

माती मऊ होती. इतक्या वर्षांची दबलेली माती अशी हाताला येत नाही, हे माझ्या हातांना आधी कळलं आणि डोक्याला नंतर. झुडूप अलगद निघून आलं. कोपरापर्यंत हात गेला. दोन्ही बाजूंनी चाचपलं. खाली लाल चिकट माती लागली, कधी न हललेली, आणि तिच्यात दगडाच्या आकाराचा खळगा. दगड नव्हता.

मी किती वेळ त्या खड्ड्यात हात घालून बसले कोण जाणे. गाणं संपलं तेव्हा शुद्धीवर आले. झुडूप पुन्हा रोवलं, माती लोटली आणि नदीवर जाऊन हात धूत बसले. मार्सेलिना शोधत तिथेच आली. माझी नखं बघितली आणि मटकन खाली बसली.

"आई. काढलास?"

"नाही. आधीच काढलेला आहे कोणीतरी."

"कोणी?"

"कोण काढणार? ज्याला कंटेनर उघडायचाय त्याने. आपलं तोंड बांधून ठेवलं आणि स्वतः मोकळा झाला."

मला वाटलं, आता ही उसळणार. बोल म्हणणार, हक्क म्हणणार, तक्ता म्हणणार. पोर पोटावर दोन्ही हात ठेवून नदीकडे बघत राहिली. "आई, तू काही बोलू नकोस," ती म्हणाली. "खड्डा रिकामा आहे हे तुला कसं कळलं, असं विचारतील. मग तूच उकरणारी ठरशील."

"गेले महिनाभर तूच तर माझं डोकं खात होतीस."

"तेव्हा ते तक्त्यावर होतं गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. माझी शहाणी, वाद घालणारी पोर. मी तिला जवळ घेतलं. माझ्या हाताचा मातीचा वास जात नव्हता.

सभा बुधवारी शाळेच्या पटांगणात होती. शहरातून निवडणुकीचा अधिकारी आला होता, भला माणूस, घामाने भिजलेला. एका बाजूला आमचा पाडा, दुसऱ्या बाजूला त्यांचा, आणि मधून चालायला वाट. फाबियनची म्हातारी आई, ताबिता, अगदी पुढे बसली होती. आम्ही दोघी एका वर्गातल्या. नाक्यावरच्या त्या प्रकारानंतर आमच्यात फक्त मानेचं बोलणं उरलं होतं.

आधी सेवरीन बोलला. छान बोलला. "कंटेनर आहे तिथेच राहील, आहे तसाच राहील. ती आपली राखण आहे," असं म्हणाला तेव्हा आमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग फाबियन उठला. त्याला बोलता येत नाही, अडखळतो. "मी निवडून आलो तर दोन्ही किल्ल्या लावून, सगळ्यांसमोर, तो कंटेनर उघडणार," तो म्हणाला. "आणि आतलं एकूण एक लोखंड कापून खोल समुद्रात टाकणार. लढाईत माझ्या हातांनी ते उचललं होतं. माझ्याच हातांनी बुडवायचं आहे."

मी मनात म्हटलं, लबाडा. गोड बोलून किल्ली मागतोय.

"कोणाला काही विचारायचं आहे?" अधिकाऱ्याने विचारलं. कोणी हललं नाही. सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आणि सगळ्यांच्या तोंडाला तोच दगड. अधिकारी खूश झाला. "इतकी शांत सभा मी कुठेच बघितली नाही," असं म्हणाला बिचारा.

मी उभी राहिले. मार्सेलिनाने माझा पदर धरावा तसा झग्याचा काठ धरला होता, तो सोडवून घेतला. दोन्ही हात वर केले, सगळ्यांना नखं दिसतील असे. "मी दगड उकरायला गेले होते," मी म्हणाले. "माझ्या हातांनी. रविवारी, मिस चालू असताना. त्याबद्दल माझं जे व्हायचं ते होऊ दे. पण खड्डा रिकामा आहे. दगड तिथे नाही."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन्ही बाजूच्या बाया मुकाट उठल्या आणि खेळणारी पोरं बखोटीला धरून घरांकडे न्यायला लागल्या. लढाईच्या दिवसांत अशाच न्यायच्या.

मी फाबियनकडे बघत होते. त्याला पकडायचं होतं मला, त्याच्या तोंडावर ते उमटलेलं बघायचं होतं. आणि त्याचं तोंड राखेसारखं झालं. त्याने बाकाचा आधार घेतला. "नाही?" तो म्हणाला. "मावशी, नीट बघितलंत? खोल होता तो. मी स्वतः ठेवलाय. नीट हात घातला होता तुम्ही?" भीती मला ओळखू येते. लढाईची दहा वर्षं मी तिच्याबरोबर जेवले आहे. तो माणूस भ्यायला होता, आणि ही चोरी पकडली गेल्याची भीती नव्हती. ज्याच्या जिवावर आपण इतकी वर्षं निर्धास्त झोपलो, ते काढून घेतल्यावर माणूस असा दिसतो.

मग मी माझ्या भावाकडे बघितलं. सेवरीन जमिनीकडे बघत होता. सुपारी चावत होता, सावकाश. त्याच्या मागे आमची पोरं उभी होती, आणि त्यांच्यातलं एकही चकित झालेलं नव्हतं.

मला सगळं तिथल्या तिथे कळलं. गिळलेलं ते लाल पाणी. मी गेले की गप्प होणारा तो अंगणातला घोळका. 'मला तसला फायदा नको' असं त्याचं म्हणणं. फाबियन गाफील राहायला हवा होता, म्हणून आम्ही गप्प राहायला हवे होतो. भाऊ अध्यक्ष झाला असता, दुसरी किल्ली बहिणीच्या गळ्यात होतीच. बहिणीने धाकट्या भावाला नाही म्हटलं असतं? मी नसतं म्हटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"बाई," अधिकारी उठून उभा राहिला होता, "दगड कोणी काढला, तुम्हाला माहीत आहे का?"

फाबियन, असं म्हटलं असतं तर लोकांनी मानलं असतं. भाऊ निवडून आला असता, कंटेनर उघडला असता, आणि पलीकडच्या पाड्यावर एकही माणूस उरला नसता. सेवरीन, असं म्हटलं असतं तर ते खरं होतं. खरं बोलायलाच तर मी उभी राहिले होते. आणि मग फाबियनच्या लोकांनी सूर्य बुडायच्या आत माझं घर पेटवलं असतं, आत माझी पोटुशी पोर. असं खरं घेऊन मी कुठे जायचं होतं? कोणाच्या तक्त्यावर ते बसतं?

"मी काढला," मी म्हणाले. "आधीच काढला होता. मघाशी धीर झाला नाही म्हणून नीट सांगितलं नाही."

खरं बोलायला उभी राहिले आणि खोटं बोलून मोकळी झाले. सेवरीनने मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

बेनेडिक काठी टेकत उठले. "पर्पेतुआ, तू गेलेल्या पोराची आई आहेस, म्हणून तुला आज कोणी हात लावणार नाही," ते म्हणाले. "पण रविवारी मिस संपली की तो दगड या दोन्ही पाड्यांसमोर आण. पुन्हा पुरू. तो येईपर्यंत मतदान नाही. आणि आला नाही, तर मला विचारायला येऊ नका."

मी गळ्यातली किल्ली काढली. दगड काढणारीच्या गळ्यात ती शोभत नव्हती आणि माझ्या घरात तर ती राहता कामा नव्हती. मधली वाट ओलांडून गेले आणि ताबिताच्या गळ्यात घातली. ज्याने माझ्या पोराला मारलं त्याच्या आईच्या गळ्यात. त्याचा हात पुन्हा वर गेला तर काय, हे मला कळत होतं. पण त्या क्षणी माझ्या पोराच्या मारेकऱ्यावर माझा जेवढा विश्वास होता तेवढा माझ्या भावावर नव्हता, आणि हे दुःख मला आलोयसच्या दुःखाइतकंच जड गेलं. ताबिताने माझा हात दाबला.

संध्याकाळी सेवरीन जेवायला आला. नेहमीसारखा आला, नेहमीच्या जागी बसला. मार्सेलिना मागच्या खोलीत पडून होती. मी त्याच्यापुढे अरवी आणि डब्यातला मासा ठेवला.

"दगड कुठे आहे?" मी विचारलं.

तो जेवत राहिला.

"सेवरीन, मला रविवारी तो न्यायचाय. नदीत टाकलास? बागेत आहे? सांग, मी जाऊन आणते. तुझं नाव कधी निघायचं नाही."

"आक्का," तो म्हणाला, "तुझं भांडं अजून कलतं का गं?"

आधी मला काही कळलंच नाही. मग मी चुलीकडे बघितलं. पातेलं उतरवलं. ओलं फडकं घेऊन त्या तिसऱ्या दगडावरची काजळी पुसली. चर्र झालं, बोटं पोळली. काजळीखाली पांढरी रेघ होती, भांग पाडल्यासारखी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी त्याच दगडावर रोज शिजवत होते. त्याच्यावर शिजलेलं माझ्या पोटुशा पोरीला वाढत होते. फाबियन पायरीवर बसून त्याच्याचकडे बोट दाखवून गेला होता, तो बदला म्हणून, आणि त्यालाही ओळखू आला नव्हता.

"गार राहील तोवर, म्हणाले बेनेडिक," सेवरीन हळू आवाजात म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "माझा भाचा होता तो, आक्का. मला तो गार होऊ द्यायचा नव्हता. मी फक्त आणून बसवला. पेटवत तूच होतीस, रोज."

मला एकच सुचलं, हा गार करायचा, आत्ताच्या आत्ता, अजून वेळ आहे. कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलली आणि सगळी त्याच्यावर ओतली.

नदीतला दगड, इतक्या दिवसांचा तापलेला. तो फुटायचा तसाच फुटला. आवाज दरीच्या त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. वाफ बसली तेव्हा पाण्यात दोन तुकडे पडले होते, रेघेवरून सरळ चिरलेले, अजून धुमसत असलेले.

सेवरीनने ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि पायऱ्या उतरून गेला. मागच्या खोलीच्या दारात मार्सेलिना पोट धरून उभी होती.

"आई, कसला आवाज झाला?"

"काही नाही, चूल फुटली," मी म्हणाले.

आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. असा बंदुकीसारखा आवाज या दरीत इतक्या वर्षांत झाला नव्हता, पण कोणी तो विसरलंही नव्हतं. नदीपलीकडच्या पाड्यावर आया आपल्या पोरांना नावं घेऊन घेऊन घरात बोलवायला लागल्या होत्या.